कॉस्मेटिक सर्जरीनंतर पुन्हा व्यायाम: कधी, किती आणि कशावरून ठरवायचं

ऑपरेशननंतरच्या पहिल्या आठवड्यात कुणालाही ‘व्यायाम करू नका’ असं सांगावं लागत नाही. अंग ठणकत असतं, कूस बदलायची तरी कण्हत बदलावी लागते. सांगावं लागतं ते तिसऱ्या आठवड्यात. टाके निघालेले असतात, गोळ्या बंद झालेल्या असतात, घरात बसून जीव कंटाळलेला असतो आणि आरशात नवं पोट किंवा नवं नाक बघून हुरूप आलेला असतो. फिजिओथेरपीच्या कामात मी बिघडलेले जे पेशंट पाहिले, त्यातले बरेचसे याच दिवसांत घसरलेले होते. ‘काहीच दुखत नव्हतं हो, म्हणून केलं,’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

दुखत नव्हतं हे खरंच असतं. पोट, स्तन, चेहरा अशा ऑपरेशनांमध्ये त्वचेचा मोठा पट्टा खालच्या थरापासून उचलला जातो, आणि त्यात त्वचेत शिरणाऱ्या, संवेदना पोचवणाऱ्या बारीक नसा तुटतात. तो भाग कित्येक आठवडे, कधी कधी अनेक महिने बधिर राहतो. एरवी शरीर दुखून ‘थांब’ म्हणतं. इथे इशारा देणारी ती तारच कापलेली असते. शिवाय बाहेरची जखम एक-दोन आठवड्यांत मिटलेली दिसली तरी आतली वीण कच्चीच असते. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी जखमेला मूळ त्वचेच्या साधारण २० ते ३० टक्के ताकद आलेली असते. ८० टक्क्यांच्या आसपास पोचायला तीन महिने लागतात, आणि पूर्ण शंभर टक्के ती कधीच परत येत नाही.

म्हणून पुढच्या पायऱ्यांमध्ये दुखण्यावर फारसा भरवसा ठेवलेला नाही. नाडी, सूज आणि दुसऱ्या दिवशीची सकाळ, यांच्यावर ठेवला आहे. इथले आठवडे सर्वसाधारण आहेत. तुमच्या सर्जनने दिलेला कागद वेगळं सांगत असेल तर तो कागदच खरा.

पायरी पहिली: ऑपरेशनच्या आधीच विचारून ठेवा

बहुतेक जण विचारतात, ‘जिम कधी सुरू करू?’ त्यावर ‘सहा आठवडे थांबा’ असं ठोकळेबाज उत्तर मिळतं आणि विषय संपतो. त्यापेक्षा असं विचारा: काम नेमकं कुठल्या थरापर्यंत होणार आहे? फक्त त्वचा आणि चरबी, की स्नायू, की कूर्चा आणि हाडही? स्तनाचं इम्प्लांट छातीच्या स्नायूच्या वर बसणार की खाली? टमी टकमध्ये, म्हणजे पोटाची सैल त्वचा काढून पोट घट्ट करताना, पोटाचे स्नायू टाके घालून जवळ आणणार का? नाकाचं हाड हलवणार, की फक्त शेंड्याचं काम आहे? व्यायामाचं पुढचं सगळं वेळापत्रक या उत्तरांवर ठरतं. एकाच नावाच्या ऑपरेशननंतर दोन माणसांना दोन वेगळी वेळापत्रकं मिळतात ती यामुळेच, तेव्हा मैत्रिणीचं वेळापत्रक उचलू नका.

एक छोटी वहीही घाला. ऑपरेशनच्या आधीचा आठवडाभर, सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वी मनगटावर बोटं ठेवून मिनिटभर नाडी मोजा आणि आकडा लिहा. आता कुठल्या व्यायामात किती किलो उचलता, न थांबता किती मिनिटं चालता किंवा धावता, तेही टिपून ठेवा. दोन महिन्यांनी स्मरणशक्ती ते आकडे हमखास फुगवून सांगते.

जिमची पावडर, फिश ऑइल, व्हिटॅमिन ई, लसणाच्या किंवा गिंकोच्या कॅप्सूल, यातलं जे काही घेत असाल ते डॉक्टरांना सांगा. यातल्या काहींमुळे रक्त गोठायला उशीर लागू शकतो. ‘हे काय औषध आहे का’ म्हणून लोक हे सांगतच नाहीत. सिगारेट, तंबाखू आणि निकोटिनचं कुठलंही रूप किमान चार आठवडे आधी बंद हवं आणि नंतरही तितकेच दिवस. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात, आणि उचललेली त्वचा जगते ती त्या वाहिन्यांच्याच जोरावर.

पायरी दुसरी: पहिला आठवडा, चालणं हेच औषध

पडून राहणं म्हणजे विश्रांती, असं आपल्याला वाटतं. ऑपरेशननंतर ते अर्धंच खरं. हालचाल नसली की पायांच्या खोल शिरांमध्ये रक्ताची गुठळी होऊ शकते, ती सुटून फुफ्फुसात गेली तर जिवावर बेतू शकतं. टमी टकसारख्या मोठ्या ऑपरेशनांत हा धोका जास्त. त्यामुळे डॉक्टरांनी परवानगी दिली की, बहुधा त्याच दिवशी, कुणाचा तरी हात धरून उठायचं आणि खोलीतल्या खोलीत फिरायचं. जागेपणी दर एक-दोन तासांनी पाच मिनिटं पुरेत. पडल्या पडल्या पावलं वर-खाली करायची, दर तासाला पंधरा-वीस वेळा. पोटरीचा स्नायू आवळला की तो शिरांमधलं रक्त वर ढकलतो. सोबत दहा सावकाश, खोल श्वास.

उठायचीही पद्धत असते. सरळ वर उचकायचं नाही. आधी कुशीवर वळा, पाय पलंगाबाहेर सोडा, मग हाताने रेटा देऊन बसा. छातीचं ऑपरेशन झालं असेल तर हाताचा रेटाही नको, पहिले काही दिवस कुणीतरी पाठीला आधार देऊन बसवावं. टमी टकनंतर कमरेत थोडं वाकूनच चालायचं असतं. ताठ होण्याची घाई नको, दहा-पंधरा दिवसांत शरीर आपसूक सरळ होत जातं.

आता एक गोष्ट, जिच्याबद्दल बोलायला लोक लाजतात. बद्धकोष्ठ. तीव्र वेदनाशामक गोळ्यांनी पोट गच्च होतं आणि मग माणूस कुंथतो. कुंथणं म्हणजे श्वास रोखून पोटात दाब वाढवणं, वजन उचलताना शरीर जे करतं तेच. जड वजन न उचलताही टाक्यांवर तोच ताण आला. तेव्हा पाणी, तंतुमय पदार्थ आणि लागलं तर डॉक्टरांकडून सारक औषध, हे पहिल्या दिवसापासून. खोकला-शिंक आली तर पोटावर उशी दाबून धरा. नाकाचं ऑपरेशन असेल तर तोंड उघडं ठेवून शिंका, आणि नाक शिंकरू नका.

उचलण्याची मर्यादा या काळात साधारण दोन-तीन किलो. भरलेली बादली, गॅस सिलिंडर कुणी उचलत नाही. घात होतो तो लहान मुलाला पटकन कडेवर घेताना. त्यापेक्षा आपण खाली बसावं आणि मुलाला कुशीत येऊ द्यावं.

पायरी तिसरी: दुसरा ते चौथा आठवडा, आणि सकाळची परीक्षा

गुंगी आणणाऱ्या गोळ्या पूर्ण बंद झाल्याशिवाय ट्रेडमिलवर चढायचं नाही. एक तर तोल जातो, दुसरं म्हणजे जो काही इशारा मिळायचा तोही गोळी गिळून टाकते.

इथून वाढवण्याचा क्रम असा ठेवा: आधी मिनिटं, मग आठवड्यातले दिवस, मग वेग, आणि सगळ्यात शेवटी वजन. एका वेळी एकच गोष्ट वाढवायची. सपाट रस्त्यावर दहा मिनिटं चालण्यापासून सुरुवात करा आणि दर दोन-तीन दिवसांनी पाच मिनिटं वाढवा. अर्धा तास विनासायास जमू लागला की मग चाल थोडी भरभर. नाडी मिनिटाला १०० च्या आत ठेवा, असं या काळात बरेच सर्जन सांगतात. घड्याळाची कटकट नको असेल तर बोलून बघा. चालता चालता लांबलचक वाक्य न अडखळता बोलता आलं पाहिजे. मध्येच श्वास घ्यायला थांबावं लागलं तर वेग जास्त आहे.

खरी परीक्षा मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी. उठण्यापूर्वी नाडी मोजा. आरशात ऑपरेशनची जागा बघा. एखादी कडा फुगलीय का, एक बाजू दुसरीपेक्षा मोठी दिसतेय का, नवा निळसर डाग आहे का? प्रेशर गार्मेंट (ऑपरेशनची जागा दाबून धरणारा घट्ट कपडा) कालच्यापेक्षा घट्ट होतंय का? संध्याकाळी सूज वाढणं नेहमीचंच, दिवसभर उभं राहिल्यावर पाणी खाली उतरतं आणि रात्रीतून ओसरतं. रात्रभर झोपूनही सकाळी ती तशीच असेल, किंवा नाडी तुमच्या नेहमीच्या आकड्यापेक्षा आठ-दहाने वर असेल, तर काल जास्त झालं. दोन दिवस मागच्या पायरीवर या, मग पुन्हा पुढे. यात हरण्यासारखं काही नाही. वहीतल्या नोंदी बघितल्या तर जवळपास प्रत्येकाच्या वाटेत अशी दोन-तीन माघारीची वळणं असतात.

वजन सगळ्यात शेवटी का, तेही सांगतो. चालताना किंवा हळू सायकल मारताना वरचा रक्तदाब बेताने वाढतो. पण श्वास रोखून जड वजन ढकललं की तो क्षणभर आकाशाला भिडतो. दोन्ही पायांनी जड लेग प्रेस करणाऱ्या कसलेल्या शरीरसौष्ठवपटूंच्या धमनीत सुई घालून मोजलं, तेव्हा सरासरी ३२०/२५० च्या घरात आकडे आले होते. आता कल्पना करा, नुकत्याच बंद झालेल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या तोंडावर असा दाब आला तर काय होईल. म्हणून ‘ऑपरेशन नाकाचं आहे, पायांचा व्यायाम करायला काय हरकत?’ हा युक्तिवाद चालत नाही. पाय ढकलतात, दाब नाकातही चढतो.

या खुणा दिसल्या तर व्यायाम बाजूला, आधी फोन

एकाच पोटरीत दुखणं, सूज, गरमपणा. अचानक धाप, छातीत कळ, खोकल्यातून रक्त. यात सकाळची वाट बघायची नाही, थेट तातडीच्या विभागात जायचं. ऑपरेशनच्या एका बाजूला झपाट्याने टणक फुगवटा आला तर आत रक्त साचत असण्याची शक्यता आहे, तेही तातडीचंच. पापण्यांच्या ऑपरेशननंतर डोळ्यात जोराची कळ, डोळा बाहेर आल्यासारखं वाटणं किंवा दिसायला कमी होणं यात मिनिटांचा हिशेब असतो. ताप, वाढत जाणारी लाली, दुर्गंधीयुक्त स्राव किंवा उसवलेली जखम असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. पोटावर हात ठेवून हलल्यावर आत पाणी डचमळल्यासारखं वाटलं तर ते साचलेलं द्रव असू शकतं. घाबरण्याचं कारण नाही, पण दाखवायचं, आणि ते काढून टाकेपर्यंत व्यायाम बंद.

पायरी चौथी: कुठलं ऑपरेशन, त्याप्रमाणे

टमी टकवर मी जास्त बोलणार, कारण गडबड तिथेच जास्त होते. स्नायू टाके घालून जवळ आणले असतील तर तो टाका म्हणजे पोटाच्या मध्यावर घातलेली लांब शिवण. सिट-अप, क्रंच, प्लँक, पाय उचलणं, या प्रत्येकात ती शिवण दोन्हीकडून ओढली जाते. वर उचललेली त्वचा आणि खालचा थर अजून नीट चिकटलेले नसतात. त्यांची एकमेकांवर घासाघास झाली की मध्ये पाणी साचतं. म्हणून पहिले चार आठवडे फक्त चालणं. मग बसून हळू सायकल. पाच किलोच्या वर काही उचलायचं ते सहा-आठ आठवड्यांनंतर. पोटाचे व्यायाम परवानगी मिळाल्यावरच, बहुधा आठ ते बारा आठवड्यांदरम्यान, आणि तेही थेट क्रंचने नाही. सुरुवात श्वासाने: पाठीवर झोपून, गुडघे वाकवून, श्वास सोडताना बेंबी हलकेच आत घ्यायची. आठवडाभर हे जमलं की कंबर जमिनीला टेकवणं, मग एकेक टाच सरकवणं, मग एकेक पाय उचलणं, मग गुडघे टेकून प्लँक. प्रत्येक वेळी पोटाच्या मध्यरेषेकडे बघा. तिथे तंबूसारखा उंचवटा येत असेल तर तो व्यायाम तुमच्यासाठी अजून जड आहे, कितीही सोपा वाटला तरी.

लायपोसक्शन, म्हणजे नळीने चरबी शोषून काढणं, त्या मानाने सोपं. दुसऱ्या आठवड्यात भरभर चालणं, तीन-चार आठवड्यांत हलका कार्डिओ, चार ते सहा आठवड्यांत बरंचसं नेहमीचं. प्रेशर गार्मेंट सांगितलं असेल तितके दिवस, व्यायाम करतानाही घालायचं. घामाने भिजतं, म्हणून दोन ठेवा. वजनकाट्याबद्दल मात्र आधीच मनाची तयारी करा. सुरुवातीला काटा वर जातो, कारण शरीर पाणी धरून ठेवतं. ‘चरबी काढली आणि वजन वाढलं’ म्हणून जेवण तोडणारे लोक मी बघितले आहेत. जखम भरायला उलट जास्त प्रथिनं लागतात, शरीराच्या दर किलोमागे दिवसाला साधारण १.२ ते १.५ ग्रॅम. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर हा आकडा डॉक्टरांकडून घ्या. सूज पूर्ण उतरायला तीन ते सहा महिने लागतात, तोवर काटा आणि टेप दोन्ही कपाटात ठेवलेले बरे.

छातीत इम्प्लांट स्नायूखाली बसवलं असेल तर तो स्नायू ताणून, काही ठिकाणी सोडवून जागा केलेली असते. खांदे आखडू नयेत म्हणून सांगितलेल्या मर्यादेत ते हळूवार फिरवायला लवकर सुरुवात होते, पण ढकलण्या-ओढण्याचे व्यायाम लांबच. तीन-चार आठवड्यांत पायांचे हलके व्यायाम, धावणं-उड्या साधारण सहा आठवड्यांनी आणि तेही घट्ट स्पोर्ट्स ब्रा घालून. पुश-अप, बेंच प्रेस आठ ते बारा आठवड्यांनंतर, परवानगीने. सुरुवातीचे आठवडे तारेची ब्रा नको. स्तन लहान करण्याच्या ऑपरेशनमध्ये शिवण उलट्या टी अक्षरासारखी असते आणि जिथे तीन रेषा मिळतात तो कोपरा सगळ्यात नाजूक. घामाने ओला राहिला की तिथेच उसवतं. व्यायामानंतर तो भाग टिपून कोरडा करा, चोळू नका.

पुरुषांच्या गायनेकोमॅस्टियाच्या (वाढलेल्या स्तनांच्या) ऑपरेशननंतर छातीचे व्यायाम चार ते सहा आठवड्यांनी. ज्यांना हा त्रास मुळात ॲनाबॉलिक स्टेरॉइडच्या इंजेक्शनांमुळे झाला, त्यांनी ती पुन्हा सुरू केली तर ग्रंथी पुन्हा वाढू शकते. हे सर्जनला सांगायला लाजू नका, त्यांना बघून बहुधा कळलेलंच असतं.

फेसलिफ्टनंतर (चेहऱ्याची त्वचा ताणून बसवल्यावर) रक्त साचण्याचा धोका पहिल्या २४ तासांत सगळ्यात जास्त, आणि पुरुषांमध्ये अधिक. दोन आठवडे फक्त फिरणं, जोराचा व्यायाम चार आठवड्यांनी. पापण्यांसाठी दोन-तीन आठवडे. नाकासाठी तीन-चार आठवडे जोर, वजनं आणि डोकं खाली जाणारी आसनं नकोत. चेंडूचे आणि धक्काबुक्कीचे खेळ किमान सहा आठवडे बंद, हाड हलवलं असेल तर बरेचदा तीन महिने. हाड हलवल्यावर चष्माही चार-सहा आठवडे नाकावर टेकवायचा नसतो, मग पोहण्याचा गॉगल लांबच राहिला. नितंबांत चरबी भरली असेल तर पहिले काही आठवडे त्यावर दाब देऊन बसणंच टाळायचं असतं, त्यामुळे सायकल सहा-आठ आठवड्यांनी. केसांचं रोपण झालं असेल तर पहिले दहा दिवस घाम येईल असं काही नको. केस घेण्यासाठी डोक्याच्या मागची त्वचेची पट्टी कापून शिवली असेल तर मान वाकवून वजन उचलायला महिन्याहून जास्त थांबा. बोटॉक्स किंवा फिलर घेतलं असेल तर एक-दोन दिवस जिम नको, बस्स.

पोहणं सगळ्यांसाठीच उशिरा. जखम पूर्ण मिटली, खपली गळाली, कुठून पाझर नाही, मगच. साधारण चार ते सहा आठवडे.

पायरी पाचवी: वजनांकडे परत

परवानगी मिळाल्यावर वही काढा आणि पूर्वीच्या वजनाच्या एक तृतीयांशाने सुरू करा. हास्यास्पद हलकं वाटेल, वाटू द्या. पंधरा वेळा उचलून अजून पाच वेळा उचलता आलं असतं अशा ठिकाणी थांबा. हात थरथरेपर्यंत जाणं दोन महिने तरी विसरा. उचलताना श्वास सोडायचा, खाली आणताना घ्यायचा. सकाळची परीक्षा दोन आठवडे नीट पास झाली तर दहा टक्के वाढवा.

‘इतके दिवस गेले, सगळं शरीर उतरलं’ ही भीती मला फार ऐकायला मिळते. दम खरंच लवकर जातो, दोन-चार आठवड्यांत जाणवेल इतका. ताकद मात्र तीन-चार आठवडे बऱ्यापैकी टिकते, आणि एकदा कमावलेला स्नायू दुसऱ्यांदा कमवायला पहिल्यापेक्षा कमी वेळ लागतो. उलट, उसवलेली शिवण पुन्हा घालावी लागली तर मोजणी पहिल्या दिवसापासून.

व्रण उन्हात नेऊ नका. वर्षभर तो रंग बदलत असतो आणि उन्हाने काळवंडतो, तेव्हा बाहेर धावताना कपड्याने झाका किंवा सनस्क्रीन लावा. बधिर जागेवर गरम पाण्याची पिशवी किंवा बर्फ थेट ठेवू नका, भाजलं तरी कळत नाही.

राहिला जिमचा ट्रेनर. त्याला पहिल्याच दिवशी सर्जनचा कागद दाखवा आणि कुठली हालचाल, किती किलो, किती तारखेपर्यंत नाही, हे त्याच्या तक्त्यावर लिहायला लावा. ऑपरेशन कसलं हे सांगायचं नसेल तर ‘पोटाचं ऑपरेशन झालंय’ एवढं पुरे, तपशील तुमचा खासगी. आणि तो जर म्हणाला, ‘जरा दुखू दे, त्याशिवाय अंग बनत नाही,’ तर तीन महिने दुसऱ्या वेळेच्या बॅचला जा.